खाणीखालचा भूकंप आणि खाणीवरचा हादरा

डिचोली तालुक्यातल्या ज्या वाड्यावर माझे बालपण गेले, तेथे दुपारच्या सुमारास खाणीचा भोंगा वाजत असे आणि त्यानंतर थोड्याच वेळाने घराची जमीन दचकल्यासारखी एकदा हलत असे. स्वयंपाकघराच्या फळीवरची तांब्या-पितळेची भांडी किणकिणत, कौलांच्या फटीतून थोडी माती गळे, आणि आजी देवघरातली समई सरळ आहे ना ते पाहून येई. एखाद्या दिवशी भोंगा ऐकू आला नाही आणि जमीन मात्र हलली, तर 'भूंयकांप जालो' हे शब्द वाड्याभर फिरत. खाणीमुळे भूकंप होतो का, हा प्रश्न खाणपट्ट्यातले लोक आजही विचारतात. त्याचे उत्तर 'होय, होतो' असेच आहे. मात्र ते प्रामुख्याने जमिनीखाली खोल गेलेल्या खाणींना लागू पडते, आणि गोव्याच्या लोहखनिजाच्या खाणी उघड्या आहेत. गोव्यातल्या घरांना बसणारा हादरा खरा असतो, त्याने भिंतींना तडाही जाऊ शकतो, पण त्याचे कारण निराळे आणि त्यावरचा उपायही निराळा. या दोन गोष्टी एकाच नावाखाली गेल्या की लोकांच्या रास्त तक्रारीचा आधारच सुटतो, आणि ते मला फार लागते. म्हणून त्या वेगवेगळ्या करून सांगणे मला आवश्यक वाटते.

आधी भूमिगत खाणीचा विचार करू. गोव्यातल्या जुन्या घराचे राजांगण आठवावे. मध्ये तुळशीवृंदावन, चारही बाजूंनी पडवी, आणि पडवीच्या छपराचा भार तोलणारे खांब. त्यातला एक खांब काढला तर छप्पर लगेच कोसळत नाही, परंतु त्या खांबाने पेललेला भार नाहीसाही होत नाही. तो शेजारच्या दोन खांबांवर जातो. दुसरा काढला की उरलेल्यांवर आणखी भार येतो, आणि कधीतरी असा क्षण येतो की एखादा खांब कडाडून मोडतो आणि त्याचा भार पुढच्या खांबावर जाऊन तोही मोडतो. जमिनीखालच्या खाणीत नेमके हेच घडते. खाणकामाने निर्माण होणाऱ्या पोकळीला स्वतःचे बळ नसते. वरच्या खडकाचा जो भार तेथे आधीपासून होता तो पोकळीच्या कडेने, तिच्या भिंतींतून आणि मागे ठेवलेल्या खांबांतून वाट काढतो.

हा भार किती असतो याचा हिशेब सोपा आहे. कठीण खडक पाण्याच्या सुमारे २.७ पट जड असतो. त्यामुळे १०० मीटर खोलीवर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे २७ किलो भार येतो, एक किलोमीटरवर २७० किलो, आणि तीन किलोमीटरवर ८०० किलोहून अधिक. पोकळीच्या अगदी कडेला हा दाब दुप्पट, काही ठिकाणी तिप्पटही होतो. चांगला कठीण खडक चौरस सेंटिमीटरला साधारण १,००० ते २,००० किलो दाब सोसू शकतो. तीन किलोमीटर खोलीवरची दुप्पट-तिप्पट म्हणजे १,६०० ते २,४०० किलो. म्हणजे तेथे खडक त्याच्या सहनशक्तीच्या काठावर उभा असतो, किंवा ती ओलांडूनही गेलेला असतो. शिवाय कठीण खडक चिखलासारखा हळूहळू बसत नाही. तो दाबलेल्या स्प्रिंगप्रमाणे ऊर्जा साठवून ठेवतो आणि मोडतो तेव्हा ती सगळी एका क्षणात सोडतो.

हे प्रत्यक्ष पाहायचे तर फार दूर जावे लागत नाही. शेजारच्या कर्नाटकातली कोलारची सोन्याची खाण ही जगातल्या सर्वांत खोल खाणींपैकी एक होती. तेथे १८८० च्या दशकात ब्रिटिश कंपनीने आधुनिक खाणकाम सुरू केले, १९०२ मध्ये शिवनसमुद्रच्या धबधब्यावर तयार झालेली वीज तेथे पोहोचली, आणि पुढे चॅम्पियन रीफ ही खाण सुमारे ३.२ किलोमीटर खोलीपर्यंत गेली. तळाशी खडकाचे तापमान ६० अंश सेल्सिअसच्या वर होते. या खाणीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून खडक फुटण्याच्या घटना घडत आल्या. खाणकामगार त्यांना 'एअर ब्लास्ट' म्हणत, कारण खडक फुटताच बोगद्यातून हवेचा प्रचंड झोत येई. आज त्यासाठी 'रॉकबर्स्ट' हा शब्द वापरतात. धडधाकट दिसणारी भिंत कोणतीही सूचना न देता फुटते, टनावारी दगड बोगद्यात फेकले जातात, आणि वर वसलेल्या गावात घरे हलतात. कोलारच्या रहिवाशांना हे हादरे परिचयाचे होते. तेथे भाभा अणुसंशोधन केंद्राने भूकंपमापकांचे जाळे बसवले, आणि १९८८ मध्ये राष्ट्रीय शिला यांत्रिकी संस्था कोलारलाच स्थापन झाली. भारतातला खाणीतल्या भूकंपांचा अभ्यास बराचसा या खाणीतून वर आला आहे.

कोलारने शोधलेला उपायही राजांगणाच्या खांबासारखाच होता. सोने काढून रिकाम्या झालेल्या जागेत घडीव ग्रॅनाइटच्या भिंती रचल्या जात, पुढे काँक्रीट भरले जाऊ लागले, आणि कोणता भाग आधी काढायचा व कोणता नंतर, याचा क्रम ठरवण्यात आला. त्यामुळे रॉकबर्स्ट थांबले नाहीत, पण भार कोठे जाईल यावर माणसाचा थोडा ताबा आला.

सगळे खाणभूकंप मात्र भिंत फुटण्याचे नसतात. पृथ्वीच्या खडकात जुने प्रस्तरभंग असतात, म्हणजे पूर्वी कधीतरी सरकलेल्या भेगा. त्यांच्या दोन्ही बाजू प्रचंड दाबाने एकमेकींवर चिकटून बसलेल्या असतात. जवळून खाणकाम गेले की त्या भेगेला आवळून धरणारा दाब कमी होतो किंवा तिला सरकवणारे बल वाढते, आणि भेग सरकते. हा आकाराने लहान, परंतु स्वरूपाने खराखुरा भूकंप असतो. मोठे खाणभूकंप बहुधा याच जातीचे असतात. दक्षिण आफ्रिकेतल्या वेल्कम या सोन्याच्या खाणींच्या शहरात डिसेंबर १९७६ मध्ये ५ रिश्टरच्या किंचित वरचा धक्का बसला आणि एक सहा मजली इमारत कोसळली. त्याच देशात ९ मार्च २००५ रोजी स्टिलफाँटेनजवळ ५.३ रिश्टरचा धक्का बसून खाणीत दोन कामगार मरण पावले आणि वरच्या शहरात अनेक जण जखमी झाले. रिश्टर मापनात एक अंक वाढला की सुटणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांतले अंतर कळते. कोलारमध्ये माणसे मारणारे कितीतरी रॉकबर्स्ट याहून पुष्कळ लहान होते, कारण ते माणसांपासून काही मीटरवर झाले.

तिसरा प्रकार खांब कोसळण्याचा. यात खोली फार लागत नाही; किती माल काढला आणि किती मागे ठेवला, हे प्रमाण निर्णायक ठरते. तेव्हाच्या पूर्व जर्मनीतल्या फोल्कर्सहाउझेन गावाखाली पोटॅशची खाण होती. १३ मार्च १९८९ रोजी एका सुरुंगानंतर तिचे सुमारे ३,२०० खांब काही सेकंदांत एकामागोमाग मोडले. त्याची नोंद ५.६ रिश्टर एवढी झाली आणि वरच्या गावातल्या बहुतेक घरांचे नुकसान झाले.

अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या क्रँडल कॅनियन या कोळसा खाणीची हकिकत मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण हादऱ्याला काय नाव द्यायचे यावरून तेथे वाद झाला. ६ ऑगस्ट २००७ च्या पहाटे ३.९ रिश्टरचा धक्का नोंदला गेला आणि सहा कामगार आत अडकले. भूकंप झाला म्हणून खाण कोसळली, असे खाणमालकाने सुरुवातीला सांगितले. भूकंपशास्त्रज्ञांनी आलेख पाहून उलट निष्कर्ष काढला: खाण कोसळली, आणि तो कोसळण्याचा धक्काच भूकंप म्हणून नोंदला गेला. हे त्यांना कसे कळले, ते समजून घेण्यासारखे आहे. सुरुंग उडतो तेव्हा जमीन सर्व दिशांना बाहेर ढकलली जाते, म्हणून भोवतालच्या प्रत्येक भूकंपमापकावर पहिली हालचाल वरच्या दिशेने उमटते. पोकळी कोसळते तेव्हा जमीन सर्व बाजूंनी आत ओढली जाते आणि पहिली हालचाल सगळीकडे खालच्या दिशेने होते. प्रस्तरभंग सरकतो तेव्हा दोन बाजूंची यंत्रे ढकलणे दाखवतात आणि दोन बाजूंची ओढणे. आलेखाची पहिली रेघ ही अशी त्या घटनेची सही असते, आणि ती कोणाच्या सांगण्यावरून बदलत नाही.

क्रँडल कॅनियनमध्ये पुढे जे झाले त्यावरून दुसऱ्या विषयाकडे, म्हणजे मागाहून येणाऱ्या धक्क्यांकडे, वळता येते. अडकलेल्यांच्या शोधासाठी बचाव पथक बोगदा मोकळा करत असताना, १६ ऑगस्टला भिंती पुन्हा फुटल्या आणि बचाव करणाऱ्यांपैकी तिघे मरण पावले. ते सहा कामगारही कधीच सापडले नाहीत. मोठ्या धक्क्याने भार संपत नाही. तो नव्या जागी जातो, आणि ती नवी जागा त्या भाराला तयार असेलच असे नसते. आफ्टरशॉक म्हणजे दुसरे काही नसून, नवा तोल सापडेपर्यंत खडकाने केलेली ही उलघाल असते.

या धक्क्यांना एक शिस्त आहे. जपानमधल्या १८९१ च्या नोबी भूकंपानंतर फुसाकिची ओमोरी या शास्त्रज्ञाने आफ्टरशॉक मोजले आणि १८९४ मध्ये एक साधा नियम मांडला: त्यांची संख्या काळाच्या व्यस्त प्रमाणात घटते. पहिल्या दिवशी १०० धक्के आले असतील तर दुसऱ्या दिवशी सुमारे ५०, दहाव्या दिवशी सुमारे १०, शंभराव्या दिवशी एखादा. सुरुवातीला घट फार झपाट्याने होते आणि नंतर शेपूट लांबत जाते. म्हणून पहिल्या काही तासांत पडझड झालेल्या जागी जाणे सर्वांत घातक असते, आणि महिन्याने आलेला एखादा धक्का ही नवी आपत्ती मानण्याचे कारण नसते. आणखी एक ढोबळ नियम असा की सर्वांत मोठा आफ्टरशॉक मुख्य धक्क्यापेक्षा सरासरी १.२ रिश्टरने लहान असतो. मात्र ही सरासरी आहे. एखाद्या विशिष्ट दिवसाची हमी तिच्यातून मिळत नाही.

खोल खाणींत हाच नियम रोजच्या कामाला जुंपलेला आहे. सुरुंग शक्यतो पाळी संपल्यावर, माणसे बाहेर आल्यानंतर, एकाच ठरलेल्या वेळी उडवतात. त्यानंतर बोगद्यांच्या भिंतींत बसवलेली कानासारखी यंत्रे, ज्यांना जिओफोन म्हणतात, माणसाला न जाणवणाऱ्या बारीक धक्क्यांची गणती करत राहतात. ती संख्या ओमोरीच्या नियमाने उतरत नेहमीच्या पातळीवर आली की मगच पुढच्या पाळीला आत सोडतात. उतरायला हवी तेव्हा ती उतरली नाही, तर तो भाग बंद ठेवतात. माणसांचे जीव वाचवणारे एवढे साधे गणित दुसरे क्वचितच सापडेल.

खाण बंद केली की धक्के थांबतात, अशी समजूत असते. ती पूर्णपणे खरी नाही. खोल खाणीतले पाणी उपसणारे पंप बंद पडले की बोगदे हळूहळू भरतात, पाणी प्रस्तरभंगात शिरते आणि भेगेच्या दोन्ही बाजूंना एकमेकींपासून किंचित दूर लोटते. चिकटून बसलेली भेग त्यामुळे सैल होते. जोहान्सबर्गच्या जुन्या सोन्याच्या खाणी भरू लागल्यानंतर तेथे असे धक्के नोंदले गेले, आणि २००१ मध्ये बंद झालेल्या कोलारमध्येही पाणी चढत गेले तसे धक्के जाणवत राहिले. कोयनेला हेच तत्त्व लागू पडते, फक्त तेथे पाणी धरणाचे आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेला ६.३ रिश्टरचा भूकंप गोव्यातही जाणवला, आणि घरातली वडीलधारी माणसे 'कोयनेचा भूकंप' म्हणून त्याची आठवण काढत असत.

आता गोव्याकडे. डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे या तालुक्यांतले लोहखनिज जमिनीच्या पृष्ठभागाजवळ सापडते, म्हणून वरचा जांभा आणि माती काढून पायऱ्या-पायऱ्यांचा खड्डा खणतात. छप्परच नसल्यामुळे कोसळायला छप्पर नाही. खड्डा १०० मीटर खोल गेला तरी तळाशी भाराचा हिशेब चौरस सेंटिमीटरला २७ किलोचा. त्याची तिप्पट केली तरी ८१. कठीण खडक फुटायला लागणाऱ्या दाबाच्या तो एक दशांशही नाही. जांभा आणि मऊ खनिज तर ऊर्जा साठवून ठेवण्याच्या जातीचेच नाहीत. ते भार असह्य झाला की घसरतात. म्हणून गोव्यात भीती रॉकबर्स्टची नसते, ती पावसाळ्यात खचणाऱ्या कडांची आणि मातीच्या डंपांची असते. लोहखनिज तेच असूनही खाणीच्या आकाराने केवढा फरक पडतो, हे पाहायचे तर स्वीडनमधल्या किरुना शहराकडे पाहावे. तेथली लोहखाण जमिनीखाली एक किलोमीटरहून खोल आहे, तेथे १८ मे २०२० रोजी मोठा खाणभूकंप झाला, आणि जमीन खचत चालल्यामुळे शहराचा मोठा भाग आपल्या जागेवरून हलवावा लागतो आहे.

उघड्या खाणीमुळे भूकंप होऊच शकत नाही, असे मात्र म्हणता येत नाही. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात रेडिंग शहराजवळ, एका उथळ उघड्या खाणीचे पाणी उपसणे थांबवून ती भरू दिल्यानंतर काही महिन्यांनी, जानेवारी १९९४ मध्ये ४.६ रिश्टरचा भूकंप झाला. जमिनीवरचे ओझे काढले गेले आणि वरून पाणी मुरले, या दोन्हींनी आधीच सरकण्याच्या बेतात असलेला प्रस्तरभंग सुटला, असे त्याचे स्पष्टीकरण आहे. असे उदाहरण विरळा असले तरी २०१२ च्या आणि पुन्हा २०१८ च्या खाणबंदीनंतर गोव्यातले मोठमोठे खंदक पाण्याने भरलेले आपण पाहिले आहेत. त्यांतल्या सर्वांत खोल खंदकांजवळ कायमचे भूकंपमापक असावेत, ही मागणी मला भीतीपोटी केलेली वाटत नाही. ती हिशेबी वाटते.

मग वाड्यावरची भांडी किणकिणतात ती कशाने? सुरुंगाने. स्फोटकांची बरीचशी ऊर्जा दगड फोडण्यात खर्च होते, उरलेल्या अल्पशा भागाच्या लहरी जमिनीतून पसरतात, आणि एक झोत हवेतून येतो. घरात बसून यांतला फरक ओळखता येतो. जमिनीतल्या लहरी सेकंदाला काही किलोमीटर धावतात, तर आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर. खाण एक किलोमीटरवर असेल तर आधी जमीन हलते आणि सुमारे तीन सेकंदांनी दारे-खिडक्या खडखडतात. भूकंपाला हवेतून मागाहून येणारा असा ठोका नसतो. उलट दूरच्या भूकंपात जमिनीचेच दोन हादरे येतात, पहिला हलका व दुसरा जोराचा, आणि त्यांच्यातल्या प्रत्येक सेकंदामागे सुमारे आठ किलोमीटर अंतर धरता येते. कोयना डिचोलीपासून सरळ रेषेत सुमारे २०० किलोमीटरवर आहे. तेथला भूकंप असेल तर दोन हादऱ्यांत साधारण २५ सेकंद जातील. सुरुंगात हे अंतर सेकंदाच्या अंशाएवढे, म्हणजे न जाणवण्याजोगे असते.

सुरुंगाचा हादरा भूकंप नाही, याचा अर्थ तो निरुपद्रवी आहे असा कोणी काढू नये. खाण सुरक्षा महासंचालनालयाने १९९७ मध्ये त्यासाठी मर्यादा घालून दिल्या आहेत. घराच्या पायाजवळ जमीन किती वेगाने हलते, हे सेकंदाला मिलिमीटर या मापात मोजतात. खाणीच्या मालकीची नसलेली साधी घरे असतील तर कंपने सेकंदाला आठपेक्षा कमी असताना ५ मिलिमीटर, ८ ते २५ असताना १० मिलिमीटर, आणि त्याहून जलद असताना १५ मिलिमीटर ही मर्यादा आहे. जुन्या, नाजूक किंवा ऐतिहासिक वास्तूंसाठी त्याच क्रमाने २, ५ आणि १० मिलिमीटर. संथ कंपनांना मर्यादा कडक आहे, कारण घराचे स्वतःचे डोलणेही त्याच गतीचे असते आणि झोपाळ्याला योग्य वेळी दिलेल्या झोक्याप्रमाणे ते वाढत जाते. मातीच्या भिंतींची घरे आणि चिऱ्यांची जुनी देवळे कोणत्या रकान्यात बसतात, हे गावकऱ्यांनी ठामपणे विचारले पाहिजे, असे माझे मत आहे.

तक्रार करताना 'भूकंपासारखे झाले' एवढेच लिहिले तर उत्तर तयार असते: त्या दिवशी भूकंपाची नोंद नाही. राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या नोंदी कोणालाही पाहता येतात, आणि त्यात सुरुंगाचा हादरा सापडण्याची अपेक्षाच नसते. त्याऐवजी तारीख, सेकंदापर्यंतची वेळ, भोंगा वाजला होता की नाही, जमीन हलल्यानंतर हवेचा ठोका किती सेकंदांनी आला, आणि भिंतीच्या तड्याच्या दोन टोकांना पेन्सिलीने केलेल्या खुणांच्या पुढे तो किती सरकला, एवढे वहीत उतरवून ठेवावे. त्याच वेळेची सुरुंगाची नोंद खाणीकडून मागावी, आणि पुढच्या सुरुंगाच्या दिवशी कंपनमापक खाणीच्या हद्दीवर न ठेवता तडा गेलेल्या घराच्या पायाशी ठेवायला लावावा.